साळवे मॅडमचा राग

शोकसभेत थोडंफार खोटं बोलतात, ते मला मान्य आहे. गेलेल्या माणसाबद्दल चार गोड शब्द बोलले की घरच्यांना बरं वाटतं. पण परवा आमच्या शाळेत साळवे मॅडमसाठी जी सभा झाली, तिथे संस्थेचे अध्यक्ष उभे राहिले आणि म्हणाले, "प्रमिलाताई अतिशय शांत, संयमी आणि मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या."

मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. माझे कान तापले. ज्या माणसाने या बाईला निवृत्तीच्या तोंडावर घरापासून लांब डोंगरात पाठवलं, तोच तिच्या फोटोला हार घालून तिला शांत म्हणत होता. सगळं काढून घेतलं होतंच, निदान राग तरी तिच्या नावावर ठेवायचा. तोही ठेवला नाही.

म्हणून हे लिहितो आहे. साळवे मॅडम शांत नव्हत्या. संयमी तर मुळीच नव्हत्या. आमच्या पंचक्रोशीत त्यांच्याइतका रागीट माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांच्या रागाइतकी सरळ गोष्टही पाहिली नाही.

घोडेगावपासून जवळच, हमरस्त्याला लागून आमचं गाव. तिथल्या शाळेत मी मराठी शिकवतो. साळवे मॅडम अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायच्या आणि कॉम्प्युटरची खोली सांभाळायच्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, चालणं भरभर. अंबाड्यात फुलाऐवजी टेस्टर खोचलेला. शाळेत कुठे दिवा लागला नाही की हात आधी अंबाड्याकडे जायचा. रिकाम्या स्टाफरूममध्ये पंखा फिरताना दिसला की तो बंद करून, ज्याने चालू ठेवला त्याला वर्गात जाऊन गाठायच्या. मला सगळे सर म्हणतात, त्या एकट्या मास्तर म्हणायच्या.

त्यांचा आवाज मोठा होता. वडील घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात बैल हाकायचे. "बापाचा आवाज हाय," त्या म्हणायच्या, "बैल थांबायचे ह्याला. हेडमास्तर काय चीज हाय?" वर्गात मात्र त्यांची भाषा स्वच्छ, पुस्तकातल्यासारखी. राग आला की 'आहे'चं 'हाय' व्हायचं. आमचे मुख्याध्यापक घाबरट गृहस्थ. मॅडम ऑफिसकडे येताना दिसल्या की ते शिपायाला हळूच विचारायचे, "काय म्हणतायत, आहे का हाय?" हाय असलं तर ते तातडीने पंचायत समितीत निघायचे.

एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईला गोंगाट मात्र चालायचा नाही. त्यांचं घर विहाराच्या मागे. जयंतीला वस्तीतल्या पोरांनी डीजे आणला. भिंती हादरायला लागल्या तशा मॅडम जाऊन गाडीसमोर उभ्या राहिल्या. पोरं म्हणाली, "आक्का, वरच्या गल्लीतली मिरवणूक निघते तवा त्यांचा चालतो, आन आमचाच बंद का?"

"त्यांच्याकडंबी गेल्ते," मॅडम म्हणाल्या. "इचारा जाऊन."

पोरांनी खरंच विचारलं. खरंच गेल्या होत्या. वरच्या गल्लीत त्यांना शिव्या मिळाल्या होत्या, ते मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

कॉम्प्युटरच्या खोलीची गोष्ट आवाजावरूनच सुरू झाली. तिथे जुन्या, जाड पेट्यांचे कॉम्प्युटर होते. आत धूळ, पंखे घरघरणारे, त्यात छताचे पंखे, बाहेर हमरस्ता. मुलांना त्याची सवय झाली होती. रेश्माला होणं शक्य नव्हतं. रेश्मा गावाबाहेर, रानातल्या वस्तीवरच्या पाराजी शेतकऱ्याची मुलगी, लहानपणापासून कमी ऐकू येणारी. कानात मशीन घालायची. मी तिला पहिल्या बाकावर बसवलं की आपलं काम झालं असं आम्हा सगळ्यांना वाटायचं. ती मराठीत बरी होती, गणितात बरी होती, कॉम्प्युटरच्या तासाला मात्र मान खाली घालून बसायची. बाकीचे म्हणाले, तिला त्यात गती नाही.

मॅडमनी एक दिवस तिच्या कानातलं मशीन तिची परवानगी घेऊन स्वतःच्या कानाला लावलं आणि त्या खोलीत बसल्या. बाहेर आल्या त्या तडक माझ्याकडे.

"मास्तर, आत जाऊन बसा जरा. गिरणीत उभं राहिल्यासारखं हाय. ते मशीन माणसाचा आवाज वेगळा काढत न्हाई. सगळंच मोठं करतं. ही पोरगी दोन वर्षं गिरणीत बसून शिकतीय आन आपण म्हणतो गती न्हाई."

नगरच्या एका बँकेने जुनी यंत्रं मोडीत काढली होती. डब्याएवढी, आत पंखाच नसलेली. मॅडम ती पोत्यात भरून टेम्पोने घेऊन आल्या. सगळं जड काम करणारं एकच मोठं यंत्र त्यांनी भिंतीपलीकडच्या अडगळीच्या खोलीत ठेवलं आणि मुलांसमोर हे मुके डबे मांडले. डबे इतकी कमी वीज खायचे की छतावरच्या दोन-चार सौर पट्ट्यांवर आणि बॅटरीवर चालायचे. गावातली वीज गेली की आमच्या शाळेत सगळीकडे अंधार आणि कॉम्प्युटरचा तास मात्र चालू, असं दृश्य दिसायला लागलं.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम जाऊन पाहिलं. मुलं बसली होती, पडदे उजळले होते, आणि कसलाही आवाज नव्हता. बटणं दाबल्याची टिकटिक तेवढी. मॅडमनी फळ्याकडे पाठ करून, रेश्माकडे तोंड करून, पहिल्यांदाच हळू आवाजात काहीतरी विचारलं. रेश्माने उत्तर दिलं. मॅडम पुढच्या प्रश्नाला गेल्या. तिला शाबासकी दिली नाही. शाबासकी द्यायची गोष्टच नव्हती, ऐकू येणं तिचा हक्क होता.

त्याच अडगळीतल्या यंत्रावर त्यांनी शाळेची ईमेल बसवली. शाळेच्या स्वतःच्या नावाचा पत्ता, शाळेच्या स्वतःच्या खोलीत. आम्ही हसलो. जगातल्या मोठमोठ्या कंपन्या फुकट पत्ता देत असताना ही बाई घरचं पोस्ट ऑफिस कशाला उघडते आहे?

"फुकट काही नसतं," त्या म्हणाल्या. "दारात आलेलं मांजर तेवढं फुकट. तेबी दूध पितं."

त्याच सुमारास संस्थेने एका कंपनीचं फुकटचं ॲप आणलं. त्यात प्रत्येक मुलाचा फोटो, आधार, जात, आईवडिलांचे मोबाईल, सगळं भरायचं होतं. आम्ही भरलं. मॅडमनी आपल्या वर्गाचं भरलं नाही. अध्यक्ष शाळेत आले, खुर्चीत बसून समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, जमाना बदललाय."

"बदलू द्या की. पोरांची जात त्या कंपनीला कशाला पाहिजे, तेवढं सांगा. मी आत्ता भरते."

अध्यक्षांनी चहा अर्धा ठेवला आणि ते गेले. त्या दिवसापासून त्यांनी मॅडमचं नाव लक्षात ठेवलं असावं.

हे सगळं चालू असताना गावात शेतीची वीज रात्री यायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतातल्या मोटारीला लागणारी वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, अशी पाळीने सोडतात. कांद्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर रात्रीच्या पाळीत शेतकऱ्याने थंडीत, चिखलात, हातात बॅटरी घेऊन उभं राहायचं. उसात बिबट्या असतो, बांधावर घोणस असते. हे इतकी वर्षं चालू आहे की लोकांना त्यात काही वावगं वाटेनासं झालंय. कारखान्याला दिवसा, शहराला दिवसा, उरली ती शेताला. मॅडमना ते कधीच पचलं नाही. त्या शाळेच्या पत्त्यावरून वीज कंपनीच्या तालुक्याच्या कार्यालयाला मेल पाठवायच्या. आमच्या गावच्या शेतीच्या लाइनला दिवसा वीज द्या, नाहीतर का देता येत नाही ते लेखी कळवा. उत्तर यायचं नाही. त्या पुन्हा पाठवायच्या. गावाकडून कागदी अर्जही गेले होते, पोच घेऊन. त्यांचंही उत्तर नव्हतं.

त्या हिवाळ्यात पाराजी गेला. रेश्माचा बाप. कांद्याला पाणी देताना घोणस चावली. त्याने घरी फोन लावला होता. बायको सुमन लेकीकडे, म्हणजे रेश्माच्या थोरल्या बहिणीकडे बाळंतपणाला गेलेली. घरात रेश्मा एकटी, मशीन काढून झोपलेली. तिला फोन ऐकू गेला नाही. मग त्याने शेजाऱ्याला लावला. तो धावला, गाडी काढली, पण नगरच्या वाटेवरच सगळं संपलं.

रेश्माने कानातलं मशीन घालणं सोडलं. शाळेत येईना. आम्ही शिक्षक भेटायला गेलो, अंगणात बसलो, नशिबात असतं ते टळत नाही वगैरे बोललो. मॅडम आमच्यात बसल्या नाहीत. घराच्या पायरीवर रेश्माच्या समोर बसल्या, तिला ओठ दिसतील असं तोंड करून. माझ्या आयुष्यात ऐकलेलं सगळ्यात रागीट बोलणं मी त्या दिवशी ऐकलं, आणि ते सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोललेलं होतं.

"तुझ्या कानाचा दोष न्हाई. झोपायच्या वेळी माणूस झोपतो. तू झोपलीस, बरोबर केलंस. ज्यानं तुझ्या बापाला झोपू दिलं न्हाई, त्याचा दोष हाय. समजलं?"

रेश्मा नुसती त्यांच्या ओठांकडे बघत राहिली.

"समजलं का?"

तिने मान हलवली. मग ती रडायला लागली, आणि सुमन आतून आली आणि तिने लेकीला जवळ घेतलं. बाप गेल्यापासून पोरगी रडली नव्हती, असं सुमनने नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम वीज कंपनीच्या कार्यालयात निघाल्या. मला म्हणाल्या, "चला मास्तर, तुमची भाषा गोड हाय, माझी बिघडली तर सांभाळा." साहेब तरुण होता, नम्र होता. खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं.

"मॅडम, तुमची भावना समजते मला."

"भावना नका समजू. वेळापत्रक समजा. दिवसा वीज का देत नाही, ते मी वर्षभर विचारते आहे. एका मेलचं उत्तर नाही."

"तुमचा मेल आम्हाला मिळालेलाच नाही."

"नीट बघा."

"खरंच नाही मॅडम." त्याने पडदा आमच्याकडे वळवला. मॅडम पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "तो कचऱ्याचा कप्पा उघडा."

त्याने उघडला. लॉटरी लागल्याचे, कर्ज घ्या म्हणणारे, परदेशातल्या कुठल्या राणीचे मेल होते, आणि त्यांच्यामध्ये आमच्या शाळेचं नाव होतं. पुन्हा होतं. पुन्हा होतं. साहेबाला जरा सुटल्यासारखं झालं.

"बघा, सिस्टीमनेच टाकलेत. तुमचा पत्ता ओळखीच्या कंपनीचा नाही ना. छोट्या ठिकाणाहून आलं की ती संशय घेते. आमचा काही दोष नाही."

मॅडम उठल्या. बाहेर येऊन त्या जिन्यात थांबल्या, कठड्याला धरून.

"मोठ्या कंपनीच्या पत्त्यावरनं पाठवला असता तर पोचला असता."

"पोचला असता," मी म्हणालो, "पण वाचला नसता. कागदी अर्ज पोच देऊन घेतलेत त्यांनी. ते तरी कुठे वाचले?"

"न वाचल्याचं पाप त्यांचं झालं असतं, मास्तर. न पोचल्याचं माझं हाय."

मी पुष्कळ समजावलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. आणि एवढ्यावर थांबल्याही नाहीत. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं की मी स्वतः बसवलेल्या ईमेलवर मी आंधळा विश्वास ठेवला, पलीकडे पोचतंय का ते तपासलं नाही. दुसरं कुणी असतं तर त्या यंत्राला कुलूप लावून मोकळं झालं असतं. त्यांनी ते बंद केलं नाही. मी विचारलं तर भडकल्या. "माझी चूक माझी हाय. पण लहान माणसाचं पत्र दिसलं की कचऱ्यात टाकायचं, हे बरोबर कधी झालं? त्यांनी चूक केली म्हणून मी त्यांच्या दारात जाऊन राहू?" तेव्हापासून मेल गेला की त्याच मजकुराचा कागद घेऊन त्या स्वतः एसटीने जायच्या आणि तो हातात द्यायच्या. साहेब वाचेपर्यंत समोर बसायच्या.

काही आठवड्यांनी रेश्मा शाळेत आली. कानात मशीन होतं. मॅडमनी हजेरी घेतली आणि तास सुरू केला.

पुढे सुमन आणि वस्तीवरच्या बायका मॅडमबरोबर जायला लागल्या. वीज कंपनीच्या व्हरांड्यात त्या भाकरीची फडकी सोडून बसायच्या. वर्तमानपत्रात छापून आलं. मग एक दिवस कळलं की गावाचं नाव सौर योजनेत आलं आहे. गावातच सौर पट्ट्यांचं मोठं रान उभं राहणार, त्यावर शेतीची लाइन चालणार, आणि शेतीला दिवसा वीज मिळणार. गावाने पेढे वाटले. अध्यक्षांनी स्वतःच्या फोटोचा फलक लावला.

ग्रामसभा भरली आणि जागा कळली. गायरान. आमच्या गायरानावर विहारामागच्या वस्तीतली दहा-पंधरा घरं आजोबांच्या काळापासून बाजरी पिकवतात. कागदावर ते अतिक्रमण आहे. मॅडमच्या भावाचा तुकडाही तिथेच. वीज कंपनीच्या साहेबांनी नकाशा दाखवला, सरपंचांनी टाळ्या मागितल्या, आणि सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं. दिवसा वीज पाहिजे म्हणून वर्षभर हीच बाई ओरडत होती, आता ती नाही कशी म्हणणार?

मॅडम उभ्या राहिल्या. माइक दिला तर बाजूला ठेवला.

"दिवसा वीज पाहिजे. मीच मागितली. आजबी मागते. पण ऊन अख्ख्या गावावर पडतं, मग जमीन आमचीच का दिसली?"

मागून एक जण म्हणाला, "मॅडम, तुमच्या भावाचं रान जातंय म्हणून बोलताय."

"व्हय," मॅडम म्हणाल्या. "माझ्या भावाचं जातंय म्हणून मला आधी कळलं. तुमचं गेलं असतं तर तुमाला आधी कळलं असतं. त्यात लाजायचं काय?"

तो माणूस खाली बसला. साहेब म्हणाले, "पण गावात दुसरी मोकळी जागा नाही ना मॅडम."

"हाय की. शाळेच्या मागं संस्थेची पडीक जमीन हाय. बाभळीशिवाय काही उगवत न्हाई. वीज कंपनीचं उपकेंद्र तिला लागून हाय, तारा ओढायला लांब जायला नको. तिथं लावा."

मंचावर अध्यक्ष बसले होते. त्या जमिनीवर हमरस्त्याच्या बाजूने दुकानांचे गाळे काढायचं त्यांच्या मनात आहे, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ज्या संस्थेचा पगार खाते तिचीच जमीन भर सभेत दाखवणारी बाई आमच्या गावाने पाहिली नव्हती. मुख्याध्यापक बुटांकडे बघत होते.

तेवढ्यात सुमन उठली. डोक्यावर पदर, आवाज बारीक. "माझा मानूस गेलाय. दिवसा वीज माज्याइतकी कुनालाच पायजे नसंल. पन कुनाच्या पोटावर पाय दिऊन आलेली वीज माज्या कांद्याला नको." आणि तिने हात वर केला. मग वस्तीवरच्या बायकांचे हात वर आले. मग हळूहळू पुरुषांचे. ठराव संस्थेच्या जमिनीचा झाला.

शाळा सुटायच्या आत, म्हणजे त्या शैक्षणिक वर्षाचा शेवट व्हायच्या आधीच, मॅडमच्या हातात बदलीचा आदेश पडला. राजूर. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यातल्या डोंगरात, संस्थेची सगळ्यात लांबची शाखा. कारण लिहिलं होतं प्रशासकीय सोय. त्यांना उच्च रक्तदाब होता, चढणीचा त्रास होता, बदलीविरुद्धच्या अर्जाला डॉक्टरचा कागद त्यांनी जोडला होता. निवृत्ती जवळ आली होती. एकाही सहकाऱ्याने संस्थेकडे तोंडी विनंतीसुद्धा करू नये, असं आम्हाला सुचवण्यात आलं. मी आणि आणखी दोघांनी केली. उपयोग झाला नाही. निरोप समारंभ ठेवला होता, शाल-श्रीफळ आणलं होतं. मॅडमनी निरोप पाठवला, "शाल पांघरायला मी आजारी न्हाई." आणि त्या दिवशी त्या वर्गावर शिकवत राहिल्या.

त्या गेल्यावर महिन्याभरात कॉम्प्युटरची खोली उचकटली. कुणा देणगीदाराने नवे कॉम्प्युटर दिले होते, रंगीत दिवे लागणारे, भक्कम पंख्यांचे, आणि थंड हवेचं यंत्र. फीत कापली. फलक लागला, डिजिटल लॅब. मुके डबे भंगारवाल्याच्या गाडीवर गेले. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. अडगळीतलं यंत्र कुणीतरी वायर ओढून बंद केलं, आत काय आहे ते न बघता. शाळेचा पत्रव्यवहार फुकटच्या कंपनीकडे गेला. पुढच्याच वर्षी कंपनीने कळवलं की फुकटची मुदत संपली, आणि त्यातलं सगळं गेलं. आता वीज गेली की डिजिटल लॅबला कुलूप असतं. वीज असते तेव्हा तिथे असा गोंगाट असतो की मी व्हरांड्यातून जातानाही मोठ्याने बोलतो. रेश्माने बारावीचं वर्ष त्या खोलीबाहेर, पायरीवर पुस्तक घेऊन काढलं आणि पास झाली. आता नगरला पदविका करते. परवा शोकसभेला आली होती. तिला कुणी बोलायला सांगितलं नाही.

आणि सौर प्रकल्प? तो झाला. संस्थेच्याच जमिनीवर झाला. भाडं मिळतंय म्हटल्यावर अध्यक्षांना गाळ्यांपेक्षा ते बरं वाटलं. तिथल्या फाटकावर आता त्यांचं नाव आहे आणि त्याखाली 'हरित ऊर्जेचे प्रणेते' असं लिहिलंय. गायरानावर बाजरी उभी आहे. वस्तीवर दिवसा मोटारी चालतात. फाटकावरून जाताना मी थुंकत नाही, कारण मास्तर आहे.

मागच्या दिवाळीनंतर मी राजूरला त्यांना भेटायला गेलो होतो, ती शेवटची भेट. बाजाराच्या जवळ एका खोलीत राहायच्या. पाय सुजलेले होते. तब्येतीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. चहा पुढे ठेवला आणि सुरू झाल्या. "वर धरण हाय मास्तर, त्याच्यावर वीज तयार होती. आन खाली वाडीत पोरी मिणमिणत्या दिव्यात अभ्यास करत्यात. इथनं निघती आन इथंच येत न्हाई. ह्याला काय म्हणायचं?" टेबलावर कुठूनतरी मिळवलेले, उघडून ठेवलेले दोन-तीन तसलेच जुने डबे आणि तारा पडल्या होत्या. गावाचं विचारलं. रेश्माचं विचारलं. फाटकावरच्या नावाचं मी सांगितलं तेव्हा हसल्या. "नाव राहू दे त्याचं. मोटार दिवसा चालती न्हवं?"

मी म्हणालो, तुम्हाला राग नाही आला?

"येतो की. पण तो मी कामाला लावलाय."

निघताना मला सोडायला स्टँडवर आल्या. नको म्हटलं तरी आल्या. बाजाराचा दिवस होता, एसटी पिशव्या, टोपल्या, कोंबड्यांनी भरली होती. मला कशीबशी खिडकीजवळ जागा मिळाली. खाली शाळा सुटलेल्या मुलींचा घोळका पास हातात घेऊन उभा होता, वरच्या वाड्यांमधल्या. कंडक्टर दारात आडवा झाला. "गाडी फुल झाली. मागच्या गाडीनं या."

मॅडम पुढे झाल्या. "मागची गाडी कधी हाय?"

कंडक्टर तिकिटाच्या मशीनची बटणं दाबायला लागला.

"न्हाईच ना? मग ह्या ह्याच गाडीनं जातील."

"मॅडम, कुठं बसवू? तुमीच सांगा."

मॅडमनी सांगितलं नाही. त्या चालत गाडीच्या तोंडासमोर जाऊन उभ्या राहिल्या. हातात काही नाही, पदर खोचलेला, सुजलेल्या पायांवर. चालकाने हात हलवून बाजूला व्हायची खूण केली. त्या हालल्या नाहीत. बाजारातली माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, जाऊ द्या ना पोरींना. कंडक्टरने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि दारातून बाजूला झाला.

मुली चढल्या. सरकत, दबत, हसत आत आल्या. एकीने न विचारता दप्तर माझ्या मांडीवर ठेवलं. मी वाकून, त्यांच्या खांद्यांमधून बाहेर पाहिलं. मॅडम अजून तिथेच होत्या, मान तिरकी करून, शेवटची मुलगी पायरीवर आली की नाही ते बघत. मी हात केला, पण त्यांचं लक्ष दाराकडे होतं. मग आणखी दोघी माझ्या आणि खिडकीच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या, आणि गाडी हलली.